बारा फोटोंचे रीळ

हिवाळ्यात सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने दोंडाईच्याला उतरलात, तर मिरचीच्या पथारी पाहायला मिळतील. दूरवर लाल मिरची वाळत पडलेली असते. तिचे फोटो काढायला मी निघालो, तो वडिलांचा जुना अ‍ॅग्फा क्लिक थ्री घेऊन. हा पेटीसारखा कॅमेरा एके काळी बडोद्याला बनत असे. त्याच्या रिळात फोटो मावतात अवघे बारा. वाटेत एकाने विचारलेच, “गुरुजी, आते रीळ कोठे भेटस?”

रीळ मिळते. उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा १९६० साली स्थापन झालेला सरकारी कारखाना बंद पडला आणि त्याची ‘इंदू’ फिल्मही गेली. पण परदेशी रिळे टपालाने मागवता येतात. आता खिशात फोन असताना ती मागवायची कशाला, असे तुम्ही म्हणाल.

आठ वर्षे मी शाळेचे सगळे फोटो डिजिटल कॅमेऱ्याने काढले. सहली, गॅदरिंग, दहावीचे निरोपसमारंभ, सारे एकाच हार्ड डिस्कवर ठेवले. एके दिवशी ती सुरूच होईना. दुसरी प्रत ठेवली नव्हती, दोष माझाच. पुढे एका विद्यार्थ्याचे वडील घरी आले. मुलगा अपघातात गेला होता. शाळेतला एखादा फोटो असेल का, म्हणून विचारत होते. माझ्यापाशी एकही नव्हता. त्यानंतर थोड्याच दिवसांनी वडिलांच्या पत्र्याच्या डब्यात १९७४ च्या वर्गाच्या निगेटिव्ह निघाल्या. उजेडासमोर धरल्या, तर काळ्याचे पांढरे झालेले असूनही चेहरे ओळखू येत होते.

दोन्हींत फरक काय, तो सांगतो. डिजिटल कॅमेरा प्रकाशाचे आकडे करून ठेवतो; ते वाचायला यंत्र लागते. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. जिथे प्रकाश पडला, तिथले कण डेव्हलपरमध्ये काळी चांदी होतात. उरलेले कण हायपो विरघळवून टाकतो, मग फिल्म भरपूर पाण्याने धुवायची. हायपोत कंजूषी आणि धुण्यात आळस केला, तर काही वर्षांनी चित्र पिवळे पडते.

आमच्या खान्देशात खरी अडचण उन्हाळ्याची. डेव्हलपर साधारण २० अंशांवर हवा आणि मे महिन्यात आमच्या नळाला येते ते जवळजवळ चहाचे पाणी! गरम डेव्हलपर झपाट्याने काम करतो, निगेटिव्ह गडद होते, थर मऊ पडून ओरखडे येतात. म्हणून मी हे काम रात्री करतो, आणि डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवतो. पहिले रीळ मात्र दुपारी धुतले होते, त्याचे काय झाले ते विचारू नका.

आणि मिरची? कृष्णधवल चित्रात लाल मिरची नि शेजारचे हिरवे शेत एकाच राखाडी रंगाचे आले. नाटकवाले दिव्यावर लावतात तो लाल जिलेटीन कागद भिंगापुढे धरला, तेव्हा मिरची उजळली, शेत काळपट झाले. लाल कागदाने प्रकाश कमी होतो, पण फिल्म चारशे वेगाची आणि ऊन आमचे, म्हणून निभावले. बारापैकी पाच वाया गेले होते, म्हणूनच हे शोधावे लागले.

फोन टाकून द्या, असे मी सांगत नाही. पंचनाम्याला, पिकावरची कीड दाखवायला फोनच बरा. निगेटिव्हसुद्धा ओल, बुरशी आणि उंदीर यांपासून जपावी लागते. पण दहावीच्या वर्गासाठी मी दरवर्षी एक रीळ राखून ठेवतो आणि त्याच्या छापील प्रती मुलांच्या घरी पाठवतो. फोटोआधी बजावतो, “बाराच आहेत रे, डोळे मिटू नका.” तरी एक जण मिटतोच.