थकल्या पायांस चाकें

आमच्या विद्यालयांतील कित्येक विद्यार्थ्यांचे काका, मामा किंवा वडील बंधु आज नोकरीनिमित्त अमेरिकेंत राहतात. सुटींत येथून आजी-आजोबा त्यांच्याकडे जातात, आणि मग फ्लॉरिडा राज्यांतील ऑर्लँडो शहराजवळचें ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ पाहण्याचा बेत ठरतो. मुलांस तेथें किती आनंद होतो, हें सांगावयास नकोच. परंतु ज्यांच्या गुडघ्यांनीं सत्तर वर्षें सेवा केली आहे, त्यांचें तेथें कसें होणार, याचा विचार आधीं क्वचितच होतो. आम्हींही तो केला नव्हता. म्हणून हे चार शब्द.

सन १९७१ मध्यें उघडलेल्या या स्थळाचा विस्तार सुमारें १०० चौरस किलोमीटर आहे. त्यांत चार मोठीं उद्यानें असून एकांतून दुसऱ्यांत जाण्यास बस, नौका किंवा मोनोरेल घ्यावी लागते. एकेका उद्यानांतही दिवसभरांत कांहीं मैलांची पायपीट होते. आणि उन्हाळ्यांत तेथील हवा आपल्या कोंकणासारखीच दमट असते.

आमच्यासमवेत आमच्या आत्याबाई होत्या. विजेची स्कूटर भाड्यानें घ्यावी, असें सुचवितांच त्या म्हणाल्या, “मी कांहीं पांगळी झालें नाहीं! लोक काय म्हणतील?” पहिल्या दिवशीं त्या पायींच निघाल्या. दुपारीं मिरवणूक आली तेव्हां मुलें टाळ्या पिटीत होतीं, आणि आत्याबाई दूर एका बांकावर पाय चोळीत एकट्याच बसल्या होत्या. त्या रात्रीं त्यांनीं आपण होऊनच त्या गाडीची चौकशी केली.

ही स्कूटर आपल्या रस्त्यांवरील स्कूटरसारखी नव्हे. तिला तीन किंवा चार चाकें, एक बैठक आणि वळविण्यासाठीं पुढें एक दांडा असतो. मिशिगन राज्यांत नळकामाचा व्यवसाय करणाऱ्या ॲलन थीम नांवाच्या गृहस्थानें १९६८ सालीं घरांतील आजारी माणसासाठीं अशी गाडी बनविली. या गाड्यांच्या आद्य नमुन्यांत तिची गणना होते. गाडी बॅटरीवर चालते, व ती बॅटरी रोज रात्रीं विजेवर भरून घ्यावी लागते. दांड्याजवळील खटका दाबला कीं गाडी चालते. सोडला कीं वीजप्रवाह तुटून चाकांस आपोआप रोध बसतो. म्हणून घाबरतांच मूठ आवळण्याची जी आपली संवय, ती येथें घातक होय. मूठ सैल करावी, म्हणजे गाडी थांबते. वेग ठरविण्याच्या चकतीवर पुष्कळदां कासव व ससा यांचीं चित्रें असतात. गर्दींत आपण कासवाच्याच बाजूस राहावें.

उद्यानांत मिळणाऱ्या गाड्या मोजक्या असतात. प्रथम येणारास प्रथम मिळतात, यास्तव सकाळीं लवकर जावें. त्या चालविण्यास वयाचीं १८ वर्षें पूर्ण हवींत. गाडीवर एकानेंच बसावयाचें. नातवास मांडीवर घेऊं नये. ही गाडी उद्यानाबाहेर नेतां येत नाहीं. मुक्कामापासूनच गाडी हवी असल्यास ती बाहेरील दुकानदाराकडून आधींच ठरवावी. कांहीं खेळांच्या जागीं स्कूटरवरून उतरून चार पावलें चालावें लागतें, किंवा हातानें ढकलण्याच्या चाकांच्या खुर्चींत बसावें लागतें. तेव्हां कोठें काय, हें दाराशींच विचारून घ्यावें. बसमध्यें चढतांना उतरत्या फळीवरून अगदीं हळू जावें.

दुसऱ्या दिवशीं आत्याबाई आमच्यापुढें होत्या, व आम्हीच त्यांस थांबा म्हणत होतों! रात्रीं दारूकाम सुरू झालें, तेव्हां त्या गाडीवरून उतरल्या आणि नातीचा हात धरून दहा पावलें चालत कठड्यापाशीं जाऊन उभ्या राहिल्या. मागून कोणी कुजबुजलें, “चालतां येतें, मग गाडी कशास?” आम्हांस राग आला, पण क्षणभरच. आदल्या दिवशीं आम्हांसही हें कोठें कळलें होतें?

चालतां येणें आणि दिवसभर चालतां येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ती गाडी नसती, तर तीं दहा पावलें सकाळींच दाराशीं खर्च झालीं असतीं. गांठीला थोडें असलें म्हणजे तें कोठें खर्चावें, हें ज्याचें त्यानेंच ठरवावें. पैशाच्या बाबतींत हें आपण जाणतोंच, शक्तीच्या बाबतींतही जाणावें.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, सहलीचा बेत आंखतांना आजीला केवळ ‘येणार का?’ असें विचारूं नका, ‘कशी येशील?’ हेंही विचारा. आणि गाडीवर बसलेलें कोणी दिसलें, तर पुढें आडवे न धांवतां त्यांस वाट द्या. कोणाच्या तरी आत्याबाई त्या रात्रींच्या दहा पावलांसाठीं बळ राखून ठेवीत असतील.