क्रीडामोटारीच्या सस्पेन्शनमधील पहिली सुधारणा

कारखान्यातून आलेली क्रीडामोटार जशीच्या तशी वापरून समाधान न झालेला हौशी मालक बहुधा प्रथम आखूड व ताठ स्प्रिंगांकडे वळतो. गाडी खाली बसली की ती रस्त्याला चिकटून राहील, अशी त्याची धारणा असते. ही धारणा सर्वस्वी खोटी नाही. तथापि तिच्यातील सत्यांश किती अल्प आहे हे साध्या गणिताने दाखविता येते.

वळणावर गाडीचा काही भार आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर जातो. हा भारसंक्रम गाडीचे वस्तुमान, पार्श्वीय त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांतील आडवे अंतर यांवरच मुख्यत्वे अवलंबून असतो. स्प्रिंग ताठ असल्याने तो घटत नाही. गाडीचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम, गुरुत्वमध्याची उंची ५० सेंटिमीटर, चाकांतील अंतर १५० सेंटिमीटर आणि त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट मानल्यास संक्रमित भार ३२० किलोग्रॅम भरतो. गाडी ३ सेंटिमीटर खाली आणली तर तो सुमारे ३०१ किलोग्रॅम होईल. एवढ्या खटाटोपाचे फळ अवघे १९ किलोग्रॅम. ताठ स्प्रिंगेने गाडी कमी कलते, चालकाला स्थिर वाटते, आणि या वाटण्यालाच तो पकड समजतो.

आता या लाभाचे मोल काय द्यावे लागते ते पाहू. मूळ गाडीत चाक वर येण्यास ८ सेंटिमीटर वाव आहे असे समजा. गाडी ३ सेंटिमीटर खाली आणल्यावर तो ५ सेंटिमीटर उरतो. स्थिर अवस्थेपासून मोजता धक्क्याची जी ऊर्जा स्प्रिंग सामावून घेते ती तिच्या ताठपणाच्या आणि या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून स्प्रिंग दीडपट ताठ केली तरी सामावली जाणारी ऊर्जा पूर्वीच्या सुमारे ५९ टक्केच राहते. पूर्वीइतकी क्षमता राखावयाची तर ताठपणा २.५६ पट हवा. तो पुरा न पडल्यास चाक रबरी रोधकावर जाऊन आदळते, त्या चाकावरील भार एकाएकी वाढतो, आणि खडबडीत वळणावर नेमक्या त्या क्षणी गाडी चालकाच्या अपेक्षेबाहेर वागते. आरामाची हानी सोसता येते. हा धोका मात्र सोसण्यासारखा नाही.

पुण्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या धायरीतील मालकाला हा हिशेब रोजचाच आहे. एकीकडे मुंबई–बंगळूर महामार्गाचे बाह्यवळण, दुसरीकडे खडकवासल्यावरून सिंहगडाच्या घाटाकडे जाणारा रस्ता, आणि घरापर्यंत पोहोचावयाचे ते गतिरोधकांवरून. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोल गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. पुढील व मागील आसांत २.५ मीटर अंतर असलेली गाडी त्याच्या मध्यावर आली की तिच्या पोटाखालील जागा सुमारे ४.६ सेंटिमीटरांनी कमी होते. मुळातली मोकळी जागा १२ सेंटिमीटर असून ती ९ वर आणली, तर उरतात ४.४; आणि गाडी त्या वेळी खाली दबत असते हे त्यात धरलेलेच नाही. शिवाय हे गणित मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकाचे आहे. गल्लीबोळांतील गतिरोधक मानक वाचून बांधले जातात असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

मग प्रथम खर्च कशावर करावा? उत्तर शॉक ॲब्सॉर्बर हे आहे. स्प्रिंग ऊर्जा साठविते व परत देते. तिचे उष्णतेत रूपांतर करून दोलन शमविण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे. क्रांतिक अवमंदनाशी प्रत्यक्ष अवमंदनाचे गुणोत्तर मूळ गाडीत ०.३० असल्यास, स्प्रिंग दीडपट ताठ करताच ते सुमारे ०.२४ वर उतरते, आणि वर सांगितलेली २.५६ पट ताठ स्प्रिंग बसविल्यास ०.१९ च्या आसपास येते. त्याच वेळी नैसर्गिक कंप्रता वाढते, सेकंदास १.५ आवर्तने असतील तर दीडपट ताठपणाने ती १.८४ होतात. म्हणजे गाडी अधिक जलद उसळते आणि ती उसळी शमविण्यास साधन तोकडे पडते. उलटपक्षी मूळ स्प्रिंगा राखून चांगले शॉक ॲब्सॉर्बर बसविल्यास चाकाच्या हालचालीचा वाव अबाधित राहतो आणि टायर रस्त्यावर अधिक काळ टेकून राहतो.

अर्थात त्याही आधी झिजलेले बुश, टायर व चाकांची अलाइनमेंट पाहणे हे ओघानेच आले. सैल बुशांवर बसविलेला उत्तम शॉक ॲब्सॉर्बर व्यर्थ होय.

डाव्या व उजव्या चाकांना जोडून कल रोखणारा अँटी-रोल बार हा यानंतरचा विषय. तो एकूण भारसंक्रम बदलत नाही, पुढील व मागील आसांत त्याची वाटणी मात्र बदलतो. म्हणून गाडीची रचना पाहिल्याविना तो निवडता येत नाही. गोव्यातील सॅन मोटर्सच्या दोन आसनी सॅन स्टॉर्मसारख्या, पुढील चाकांनी चालणाऱ्या गाडीत मागील बार जाड केल्यास वळणावर नाक बाहेर ढकलण्याची खोड कमी होते. २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात आलेल्या, मध्यभागी इंजिन असलेल्या डीसी अवंतीसारख्या गाडीत तोच उपाय मागील भाग घसरविण्यास कारण होईल. शिवाय बार जितका ताठ तितका एका चाकाचा धक्का दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो, आणि एका बाजूच्या खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्यावर हा दोष ठळक होतो.

कायद्याची बाजूही दुर्लक्षणीय नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. उत्पादकाने दिलेल्या उंचीत व रचनेत ढवळाढवळ न करता त्याच मापाचा अधिक चांगला शॉक ॲब्सॉर्बर बसविणारा मालक या वादापासून पुष्कळसा दूर राहतो.