खर्च झालेला पगार परत मागतात तेव्हा

समजा, चाकण एमआयडीसीतल्या कंपनीच्या एचआरनं तुमच्या हातात पत्र ठेवलं: पगारवाढ चुकून जास्त लागली होती, गेल्या चौदा महिन्यांचे 63,000 रुपये परत करा, नाहीतर पुढच्या पगारातून कापू. चूक त्यांच्या सॉफ्टवेअरची. पैसे मात्र घरभाडं, किराणा आणि पोरांच्या फीमध्ये केव्हाच जिरलेले. आता?

पहिल्या नजरेत कायदा कंपनीच्या बाजूनं दिसतो. 1872 च्या करार कायद्याचं 72 वं कलम सरळ सांगतं, चुकून मिळालेला पैसा परत करायचा. संपलं?

छे! आधी 1825 सालच्या इंग्लंडमध्ये डोकावू. तोफखान्यातल्या एका मेजरच्या खात्यात वेतनवाटप करणारे एजंट 1817 ते 1820 पर्यंत वाढीव भत्ता जमा करत राहिले. तो लागू नाही, हे त्यांना वरून कळलं होतं. मेजरला कुणी सांगितलंच नाही. पुढे मेजर वारला आणि एजंटांनी त्याच्या शिल्लक रकमेतून ती वसुली करायला घेतली. न्यायालयानं ती नाकारली. का? तर माणूस आपली मिळकत धरून राहणी ठरवतो. ती मिळकत तुम्हीच फुगवून दाखवलीत, मग मागाहून त्याला देणेकरी कसं करता? अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण इथे अंथरूणच दुसऱ्यानं लांबवून दाखवलं होतं!

आता 18 डिसेंबर 2014, दिल्ली. पंजाब सरकार विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की काही वेळा वसुली करताच येणार नाही: कर्मचारी क किंवा ड गटातला असेल, निवृत्त झाला असेल किंवा वर्षभरात होणार असेल, जादा रक्कम पाच वर्षांहून जास्त काळ दिली गेली असेल, वरच्या पदाचं काम करवून घेऊन तसा पगार दिला असेल. शिवाय वसुली फारच जाचक ठरत असेल तेव्हाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेतला शिपाई वा लिपिक या निकालावर बोट ठेवू शकतो.

पण हे खटले सरकारी नोकरीतले. चाकणच्या शॉपफ्लोअरवरच्या माणसाचं काय? त्याच्या मदतीला येते वेतन संहिता, जिनं 21 नोव्हेंबर 2025 पासून 1936 च्या वेतन प्रदान कायद्याची जागा घेतली आहे. जादा दिलेलं वेतन कापायची परवानगी तिथेही आहे. पण किती? एका पगारातल्या सगळ्या कपाती मिळून निम्म्याच्या वर नाही. 'सगळ्या' या शब्दाची ताकद पाहा: पीएफ, आयकर, पतपेढीचा हप्ता, सारं त्याच निम्म्यात मोजायचं. म्हणजे हप्ता जितका मोठा, तितकी कंपनीला ओढायला जागा कमी! जुन्या कायद्याला 24,000 रुपये पगाराची मर्यादा होती. संहितेत ती उरली नाही. बेकायदा कपातीबद्दल तीन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि भरपाई दाव्याच्या दहापटीपर्यंत जाऊ शकते.

मला यातली खरी गंमत हिशेबात दिसते. 63,000 हा आकडा कुठला? कागदावरचा की तुमच्या बँकेत पडलेला? त्यातला काही भाग पीएफमध्ये गेला, काही कदाचित टीडीएस म्हणून सरकारकडे. तो तुमच्या हाती आलाच नाही. तरी पत्रात तोही मागितलेला असू शकतो. म्हणून पहिली मागणी पैशांच्या सवलतीची करू नका. महिनावार तक्ता मागा, चुकीचा आकडा आणि बरोबर आकडा शेजारी शेजारी.

आणि सही जपून! 2016 मध्ये हरियाणाच्या एका न्यायाधीशाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. वेतनवाढ घेताना 'जादा रक्कम आल्यास परत करीन' असं हमीपत्र त्यांनी दिलं होतं. हो, खुद्द न्यायाधीशानं! न्यायालयानं वसुली कायम ठेवली. दोन वर्षांत मासिक हप्त्यांनी, एवढीच सूट. तेव्हा एचआरनं पोच मागितली तर 'पत्र मिळालं, रक्कम मान्य नाही, तपशील द्यावा' असं आपल्या हातानं लिहा, तारीख घाला आणि मगच त्याखाली सही करा. झेरॉक्स काढायला विसरू नका.