अकरावीचें गणित : कलनाचा उंबरठा

पावसाळा अर्ध्यावर आला कीं अहिल्यानगरच्या, म्हणजे जुन्या अहमदनगरच्या, सावेडी उपनगरांत दरवर्षीं एक ठरलेलें दृश्य दिसूं लागतें. सकाळच्या वेळीं प्रोफेसर कॉलनीच्या चौकांतून सायकली आणि दुचाक्या कनिष्ठ महाविद्यालयांकडे धांवूं लागतात. पाठीवर नवीं पुस्तकें असतात आणि दहावीच्या गुणांची ऐट अजून चेहऱ्यावरून उतरलेली नसते. पुढें गणपति-नवरात्राच्या सुमारास पहिल्या चाचणीचे पेपर घरीं येतात. ज्या मुलीला दहावीच्या गणितांत शंभरांपैकीं पंच्याण्णव गुण होते, तिच्या पेपरावर पंचविसांपैकीं सात असा आंकडा असतो. आई गप्प होते, वडील शिकवणीच्या फीचा हिशेब करूं लागतात, आणि रात्रीं पानावर बसल्यावर प्रश्न निघतोच : "हिला गणित झेपणार आहे का? कीं वेळ आहे तोंवर सोडून द्यावें?"

या प्रश्नाचें उत्तर घाईनें देण्यासारखें नाहीं. विज्ञानशाखेंत गणित सोडून जीवशास्त्र घेतां येतें हें खरें. पण एकदां सोडलेलें गणित बहुधा परत हातीं येत नाहीं, आणि त्याबरोबर अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र यांच्या वाटाहि बव्हंशीं मिटतात. सोळा वर्षांच्या मुलीच्या पुढील सर्व आयुष्याचा निर्णय एका चाचणीच्या आंकड्यावर करणें हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे. त्या सात गुणांचा अर्थ काय, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. बहुतेक वेळां तो अर्थ मुलीच्या बुद्धीसंबंधीं नसतोच. विषयाचें स्वरूप बदललें आणि त्याची सूचना घरांत कोणालाच मिळाली नाहीं, एवढाच तो असतो.

अमेरिकेंतील महाविद्यालयांत या टप्प्याला 'प्रीकॅल्क्युलस' म्हणजे कलनपूर्व गणित असें स्वतंत्र नांव आहे. आपल्याकडे निराळें नांव नाहीं. तोच अभ्यास अकरावीच्या गणितांत विखुरलेला आहे. १९४७ सालीं डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं अहमदनगर कॉलेज स्थापन केलें, त्या काळीं मॅट्रिक झालेला विद्यार्थी हा भाग कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांत शिकत असे. १९७० नंतरच्या दशकांत दहा अधिक दोन अशी नवी रचना महाराष्ट्रांत आली आणि हीं दोन वर्षें 'कनिष्ठ' महाविद्यालयाचीं झालीं. नांवांत कनिष्ठपणा आला तरी गणित मात्र कॉलेजचेंच राहिलें.

२०१९ सालीं बालभारतीनें काढलेल्या अकरावीच्या पुस्तकांची अनुक्रमणिका पाहिली तरी हें ध्यानांत येतें. पहिल्या भागांत कोनाचें मापन, त्रिकोणमिति, निश्चयक व सारणी, सरळ रेषा, वर्तुळ, शांकव, विचलन आणि संभाव्यता हे विषय आहेत. दुसऱ्या भागांत संमिश्र संख्या, श्रेढी, क्रमचय व संचय, गणिती अनुमान व द्विपद सिद्धान्त, संच, फलनें, आणि अगदीं शेवटीं सीमा, सातत्य व अवकलन हीं प्रकरणें आहेत. शेवटचीं तीन प्रकरणें म्हणजे कलनाचा उंबरठा. त्यांच्या आधींचें बरेंचसें गणित त्या उंबरठ्यापर्यंत सुखरूप पोंचविण्यासाठीं आहे.

मग बदलतें तें काय? एक साधें उदाहरण घ्यावें. सावेडींतील एका गृहस्थांपाशीं कुंपणाची ४० मीटर तार आहे आणि तिनें त्यांना परसबागेसाठीं काटकोनी जागा घेरावयाची आहे. शाळेचें गणित विचारतें : लांबी १२ मीटर घेतली तर क्षेत्रफळ किती? लांबी व रुंदी मिळून २० मीटर, म्हणून रुंदी ८ आणि क्षेत्रफळ ९६ चौरस मीटर. उत्तराखालीं दोन रेघा ओढल्या कीं काम संपलें.

कॉलेजचें गणित येथून पुढें सुरू होतें. तें विचारतें : लांबी बदलत गेली तर क्षेत्रफळ कसकसें बदलतें? लांबी ५ असतां ७५, ८ असतां ९६, १० असतां १००, १२ असतां पुन्हां ९६ आणि १५ असतां पुन्हां ७५. लांबीला क्ष म्हटलें तर रुंदी होते २० वजा क्ष, आणि क्षेत्रफळ म्हणजे या दोहोंचा गुणाकार. क्षची एक किंमत ठरविली कीं क्षेत्रफळाची एक आणि एकच किंमत मिळते. अशा नियमाला फलन म्हणतात. वर्गांत त्यालाच 'फंक्शन' म्हणतील. ४० मीटर तारेंत २५ मीटर लांबीची बाग बसत नाहीं. क्ष हा ० आणि २० यांच्या दरम्यानच असला पाहिजे. क्षला परवानगी असलेल्या या किंमतींचा समूह म्हणजे 'डोमेन', आणि त्यांतून निघणाऱ्या क्षेत्रफळांचा समूह म्हणजे 'रेंज'. शब्द नवे आहेत. अर्थ कोणत्याहि गृहिणीला कळण्यासारखा आहे.

आतां १०० हेंच सर्वांत मोठें क्षेत्रफळ कशावरून? चार किंमती घालून पाहिल्यानें तें सिद्ध होत नाहीं. येथें दहावींतलें 'पूर्ण वर्ग करणें' कामास येतें. तेंच क्षेत्रफळ '१०० वजा, क्ष आणि १० यांच्या अंतराचा वर्ग' असें मांडतां येतें. वर्ग कधीं ऋण नसतो. म्हणून क्षेत्रफळ १०० च्या वर जाऊंच शकत नाहीं, आणि १०० होतें तें क्ष १० असतांनाच. आलेख काढला तर एक कमान दिसते व तिचा माथा बरोबर १० वर येतो. पुढें कलन शिकल्यावर हेंच उदाहरण दुसऱ्या वाटेनें सुटतें : कमानीच्या माथ्यावर क्षेत्रफळ बदलण्याचा वेग शून्य होतो. परंतु क्षेत्रफळ 'बदलतें' हेंच ज्याच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें नाहीं, त्याला त्या बदलाच्या वेगाची गोष्ट कशी कळावी? एका उत्तराकडून संबंधाकडे नजर वळविणें, हें या वर्षाचें खरें काम आहे.

त्रिकोणमितींतहि हेंच घडतें. दहावींत त्रिकोणमिति म्हणजे काटकोन त्रिकोण. शहराजवळच्या डोंगरावरील सलाबतखानाची कबर, जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, तिची उंची दुरून कोन मोजून काढणें हें तिचें काम. तेथें कोन ९० अंशांच्या आंतच राहतो. अकरावींतला कोन मात्र फिरूं लागतो. नगर-पुणे रस्त्यानें जाणाऱ्यास सुप्याजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या दिसतात. समजा, एका चक्कीचा मध्य जमिनीपासून ५० मीटर उंच आहे व पातें २० मीटर लांब आहे. आडव्या रेषेपासून पातें ३० अंश वर गेलें कीं त्याचें टोक ६० मीटरांवर, ९० अंशांवर ७० मीटरांवर, २१० अंशांवर ४० मीटरांवर, आणि एक फेरी पुरी करून ३९० अंशांवर पुन्हां ६० मीटरांवर येतें. ३९० अंशांचा कोन कोणत्याहि त्रिकोणांत मावत नाहीं. तो वर्तुळांतच पाहावा लागतो. ही गोष्ट न सांगतां केवळ सूत्रें पाठ करविलीं म्हणजे मुलें गोंधळतात.

'रेडियन' हें नवें मापहि असेंच नकोसें वाटतें. त्रिज्येइतक्या लांबीचा कंस वर्तुळाच्या मध्याशीं जो कोन करतो तो एक रेडियन, सुमारें ५७ अंश. वर्तुळाचे ३६० भाग माणसानें आपल्या सोयीनें केले. रेडियन मात्र वर्तुळांतूनच निघतो. पुढें कलनांत साइनच्या बदलाचा वेग नेमका कोसाइन येतो तो कोन रेडियनमध्यें मोजला तरच; अंश घेतले तर दर वेळीं एक अवजड गुणक मागें लागतो.

साइन हा शब्दहि मुळांत परका नाहीं. आर्यभटाच्या इ. स. ४९९ च्या ग्रंथांतील 'ज्या', म्हणजे धनुष्याची दोरी, अरबी भाषेंत गेली. तेथें तिचीं अक्षरें वस्त्राची घडी किंवा खिसा या अर्थाच्या शब्दासारखीं वाचलीं गेलीं, आणि बाराव्या शतकांतील लॅटिन भाषांतरकारांनीं त्याच अर्थाचा आपला शब्द घातला. त्याच शतकांत, ११५० सालीं, भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणि लिहिला. त्यांत ग्रहाच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे अमुक एका क्षणींच्या वेगाचा, विचार आहे, आणि ज्येंतील लहानशा बदलाचा कोटिज्येशीं संबंधहि आहे. कलनाच्या अगदीं दाराशीं आलेली ही कल्पना आहे. आचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, मठ स्थापिल्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगांवजवळ पाटण येथें आहे. विशेष हें कीं सिद्धान्तशिरोमणींत आधीं लीलावती व बीजगणित येतें, ग्रहगणित व गोलाध्याय मागून येतात. गतीकडे जाण्यापूर्वीं अक्षरांचा हिशेब पक्का हवा, हा क्रम आठशें वर्षांपूर्वींचाच आहे.

आणि नेमका येथेंच आजच्या मुलांचा पाय घसरतो. तीन व चार यांच्या बेरजेचा वर्ग ४९. पण वर्गांची बेरीज ९ आणि १६ मिळून २५. हें आंकड्यांत कोणासहि पटतें, तरी अक्षरें आलीं कीं बेरजेचा वर्ग म्हणजे वर्गांची बेरीज असें मुलें बेधडक लिहितात. वर सहा अधिक दोन आणि खालीं दोन असतां दोन्ही दोनांवर काट मारून सहा उत्तर देणारे निघतात. खरें उत्तर चार आहे. कंसापुढील वजा चिन्ह आंत पोंचत नाहीं. दहावींत अशा चुकीनें एक गुण जाई. अकरावींत तिच्यामुळें पुढील सर्व पायऱ्या वाहून जातात. मुलीला सीमा कळली नाहीं असें घरीं वाटतें. वास्तविक अडलेला असतो तो अपूर्णांक.

भाषेची अडचणहि लहान नाहीं. विज्ञानशाखा बहुतेक ठिकाणीं इंग्रजींतून शिकवितात. मराठी माध्यमाच्या मुलीचा काटकोन एका दिवसांत 'राइट अँगल' होतो, आणि 'सिद्ध करा' याच्या जागीं 'प्रूव्ह दॅट' येतें. तिला गणित येत असतें; प्रश्न काय मागतो तें कळत नाहीं.

म्हणून पहिल्या चाचणीचा पेपर घरीं आला कीं गुणांकडे न पाहतां चुकांकडे पाहावें. मुलीनें तो पेपर वेळेचें बंधन न ठेवतां पुन्हां सोडवावा आणि चुकांचे तीन ढीग करावेत : बीजगणिताच्या, भाषेच्या आणि कल्पनेच्या. पहिला ढीग मोठा असेल तर नववी-दहावीचें बीजगणित काढून रोज वीस मिनिटें सराव करावा. यांत कमीपणा मुळींच नाहीं. दुसरा मोठा असेल तर वहीच्या शेवटल्या पानांवर नव्या शब्दांचा मराठी अर्थासह छोटा कोश लिहीत जावा. तिसरा मोठा असेल तर प्रत्येक उदाहरणाआधीं आलेख किंवा आकृति काढण्याची संवय लावावी, आणि न कळलेली गोष्ट त्याच आठवड्यांत शिक्षकांना विचारावी. एका उदाहरणावर अर्धा तास गेला तरी तो वायां गेला असें समजूं नये. या वर्षीं तसें होणारच.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. अकरावी म्हणजे दोन मोठ्या परीक्षांमधील विसाव्याचें वर्ष, ही समजूत फार महागांत पडते. बारावींतील अवकलन, समाकलन आणि अवकल समीकरणें या सर्वांना अकरावीचीं फलनें व त्रिकोणमिति लागतात. उलट, फलन कळण्यापूर्वींच अवकलनाचीं सूत्रें घोकावयास लावणें हें उतावळ्या नवऱ्यानें गुडघ्याला बाशिंग बांधण्यापैकींच होय.

सोडावें कीं ठेवावें, हा निर्णय दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या सत्रपरीक्षेनंतर करावा, आणि तोहि ढिगांकडे पाहून. पहिले दोन ढीग कमी होत असतील तर गुण आज थोडे असले तरी गणित ठेवण्यास हरकत नाहीं. ते मागोमाग वाढतात. मनापासून सराव करूनहि मुलीचें मन दुसऱ्याच विषयाकडे ओढ घेत असेल तर तें तिच्या तोंडून ऐकावें आणि मान्य करावें. पंचविसांपैकीं सात या आंकड्यानें तेवढें मात्र ठरवूं नये.