आजोबांचे गुण नकोत, तपशील हवेत

श्राद्धात वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप आणि पणजोबा आदित्यरूप मानून तीन पिढ्यांना नावाने पिंड दिला जातो. त्यापलीकडच्या पूर्वजांचे नाव बहुतेक घरांत कुणाला सांगताही येत नाही. यान आस्मान या जर्मन अभ्यासकानेही बोलण्यातून पुढे जाणाऱ्या आठवणीचे आयुष्य साधारण 80 ते 100 वर्षे, म्हणजे तीन-चार पिढ्यांचे, मानले आहे. आजोबांना पाहिलेली शेवटची नातवंडे गेली की त्यांच्याविषयी जे लिहून ठेवले असेल तेवढेच उरते. आपण मात्र लिहितो ते ‘प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल’. पहिल्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातीतले हे शब्द कोणत्याही आजोबांना लागू पडतात, म्हणून ते कोणाचीच ओळख देत नाहीत. कुलवृत्तांतांनी जन्ममृत्यू, शिक्षण, नोकरी आणि सोयरिकींची मोलाची नोंद केली. पण माणूस गाव सोडून का गेला, पहिला पगार कशात खर्च झाला, मुलीला शिकवायचे की नाही यावर घरात काय वाद झाला, हे त्या चौकटीत सहसा मावत नाही. माणूस कळतो तो अशाच निर्णयांतून.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. कवी म्हणून ते आधीच मान्यता पावलेले होते. लक्ष्मीबाईंनी त्यांचा तापट स्वभाव, पैशाबाबतची बेफिकिरी आणि हातचे देऊन टाकण्याची वृत्ती काही न लपवता मांडली. त्यामुळे टिळक लहान झाले नाहीत. उलट, संसारात वावरणारा माणूस म्हणून ते आजही वाचकाला भेटतात. घरातल्या दोषांची वाच्यता कशाला, या आक्षेपाला हे पुस्तक पुरेसे उत्तर आहे. अर्थात जिवंत माणसांना दुखावणारे सगळे उघड करायलाच हवे असे नाही. काही मजकूर घरापुरता राहू शकतो. त्याच्या जागी खोटी स्तुती मात्र नको.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आठवणी फसव्या असतात, आणि साध्या माणसाच्या आयुष्यात नोंदण्यासारखे असते तरी काय? पहिल्या भागावर उपाय आहे. शाळा सोडल्याचा दाखला, फेरफार, सातबारा, जुनी पत्रे यांच्याशी सांगोवांगीचे पडताळून पाहावे आणि दोन भावंडे वेगळे सांगत असतील तर दोन्ही लिहावे. दुसऱ्या भागाबद्दल अमेरिकेतील एमरी विद्यापीठाचे मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांचे काम पाहण्यासारखे आहे. त्यांनी मुलांना घराच्या इतिहासाविषयी वीस प्रश्न विचारले. आजी-आजोबा कुठे वाढले, हा त्यांपैकीच एक. ज्यांना जास्त माहिती होती, त्यांच्यात आत्मसन्मानही अधिक आढळला. माहितीमुळेच तो वाढला असे यावरून सिद्ध होत नाही; जिथे गप्पा होतात ती घरे मुळातच जिव्हाळ्याची असू शकतात. तरीही त्या प्रश्नांत पराक्रमाची अट नव्हती, विचारले होते ते साधेच. म्हणून आजोबांच्या नोंदीत त्यांचे काम, कर्ज, हट्ट आणि फसलेले बेत यावेत, आणि त्यांचा संसार जिने उभा केला त्या आजीचे म्हणणेही यावे. शक्य तर हे ते हयात असतानाच विचारावे. चुकीचे लिहिले तर ते दुरुस्त करण्याचा पहिला हक्क त्यांचाच आहे.