सर, एक विचारायचं होतं

केस पेपर नंतर, आधी पिशवी. हा तिचा शिरस्ता. चौदा नंबरच्या खाटेवरच्या आजींची पिशवी साडीच्या दुकानातली होती, एक बंद तुटलेला. आत गोळ्यांच्या पट्ट्या, बहुतेक कात्रीने कापलेल्या. ‘चारच द्या’ म्हटलं की मेडिकलवाला चार कापून देतो. मग औषधाचं नाव एका तुकड्यावर राहतं आणि एक्स्पायरी दुसऱ्यावर. शिवाय एक चूर्णाची डबी, गुडघेदुखीच्या सुट्या गोळ्यांची पुडी आणि ब्लड प्रेशरच्या दोन निरनिराळ्या पट्ट्या.

“आजी, ही कधी घेता?”

“सकाळी.”

“आणि ही?”

“ती बी सकाळीच. ही साताऱ्याच्या मोठ्या डाक्टरची, ती आमच्या गावातल्या डाक्टरची.”

दोन कंपन्या, दोन रंग, दोन नावं. दोन्हींत टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम. एकीत नुसतं, दुसरीत ॲम्लोडिपिनच्या जोडीने. रात्री आजींना छातीत दुखतं म्हणून दाखल केलं, तेव्हा निवासी डॉक्टरांनी पिशवीतली नावं जशीच्या तशी चार्टवर उतरवली होती. चार्टवर ओळी दोन, औषध एकच. गुडघ्याची गोळी डायक्लोफिनॅकची निघाली. ती चार्टवर नव्हतीच, कारण आजींच्या लेखी ते औषध नव्हतं, ‘दुखलं की घ्यायची गोळी’ होती.

पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयातला हा हृदयरोगाचा वॉर्ड. ती तिथली क्लिनिकल फार्मासिस्ट. दोन दिवस सकाळी मी तिच्या मागून फिरलो. अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप नाही, त्यामुळे नातेवाइकांना ती नेमकी कोण हे कळत नाही. एका काकांनी तिला पाहताच “बिलाचं संध्याकाळी बघतो, मॅडम” असं सांगून टाकलं.

काकांचा दोष नाही. आपल्याकडे औषधाचा माणूस म्हणजे खिडकीपलीकडचा माणूस. पिढ्यान्‌पिढ्या तो कंपाउंडर होता: लाल मिक्श्चर, बाटलीच्या अंगावर चिकटवलेली कातरलेली कागदी पट्टी, एक खाच म्हणजे एक डोस. स्वातंत्र्यानंतर 1948 चा फार्मसी कायदा आला, नोंदणी आली, शिक्षणाची अट आली. बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी 1932 मध्येच औषधशास्त्राचं विद्यापीठीय शिक्षण सुरू केलं होतं. पण ती वाट मुख्यतः कारखान्याकडे गेली. गोळी कशी बनते, किती वेळात विरघळते, हे शिकलेले लोक तयार झाले. गिळल्यावर समोरच्या माणसाचं काय होतं, हे बघायला मात्र कुणी जात नव्हतं. कंपाउंडरचा फार्मासिस्ट झाला, खिडकी तीच राहिली.

खिडकी सोडून वॉर्डात जाण्याचा जो प्रयोग पुढे गाजला, तो 1966 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात झाला. नवव्या मजल्यावर, शस्त्रक्रियेच्या रुग्णांजवळच औषधांची खोली थाटली आणि फार्मासिस्ट तिथे बसू लागले. औषधं लवकर मिळावीत हा साधा हिशेब त्यात होताच. पण मजल्यावर बसलेल्या माणसाच्या नजरेला चार्ट पडू लागला, आणि चार्ट वाचणारा फार्मासिस्ट प्रश्न विचारणारच. आपल्याकडे हे वारं 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात म्हैसूर आणि उटीच्या महाविद्यालयांतून आलं आणि 2008 मध्ये फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. पाच वर्षं शिकायचं, सहावं वर्ष वॉर्डात इंटर्नशिप.

चौदा नंबरवर परत येऊ, कारण खरी गोष्ट पुढेच आहे.

आजींचं वय 78. चार्टवर वजन ‘अंदाजे 55 किलो’. रक्त गोठू नये म्हणून एनॉक्सापॅरिनची इंजेक्शनं लिहिलेली, 60 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. किलोला एक मिलिग्रॅम हा नेहमीचा हिशेब. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 1.4, रिपोर्टवर त्यापुढे किंचित जास्त असल्याची खूण, घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं. तिने चार्ट पाहिला, मग आजींच्या मनगटाकडे पाहिलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. “सिस्टर, वजनकाटा मिळेल का?” शेजारच्या ओपीडीतून काटा आला, दोघींनी धरून आजींना उभं केलं. 42 किलो.

मग खिशातल्या वहीत एक गणित. 140 मधून वय वजा करायचं, त्याला वजनाने गुणायचं, 72 गुणिले क्रिएटिनिनने भागायचं, बाई असेल तर 0.85 ने गुणायचं. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं हे सूत्र 1976 चं, आता मोबाइलवर बोट लावलं की उत्तर येतं. ती तरी हाताने करते. उत्तर, म्हणजे मूत्रपिंडाचा क्लिअरन्स, आलं 22. तरुण धडधाकट माणसात हाच आकडा शंभराच्या आसपास असतो. म्हातारपणी स्नायू झडतात, क्रिएटिनिन तयारच कमी होतं, आणि मूत्रपिंड थकलेलं असूनही रिपोर्ट सभ्य दिसतो. एनॉक्सापॅरिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. आकडा 30 च्या खाली गेला की दोनदाऐवजी एकदा. आणि वजन 42 म्हणजे 60 ऐवजी 40 मिलिग्रॅम. दिवसाला 120 लिहिलेले होते, हवे होते 40.

आता हे डॉक्टरांना सांगायचं. इथे तिचं खरं कसब दिसतं, आणि ते कुठल्या पुस्तकात नाही. भारतात फार्मासिस्टला चार्टवरचं औषध बदलण्याचा अधिकार नाही. ब्रिटनमध्ये 2006 पासून विशेष प्रशिक्षण घेतलेले फार्मासिस्ट स्वतः औषध लिहू शकतात. आपल्याकडे तिच्या हातात फक्त प्रश्न आहे. तोही राउंडच्या वेळी, नातेवाइकांसमोर, कनिष्ठ डॉक्टरांच्या घोळक्यात विचारायचा. नऊ वाजता सर आले. ती खाटेच्या पायथ्याशी थांबली, सर चार्टकडे वळेपर्यंत.

“सर, एक विचारायचं होतं. आजींचा क्लिअरन्स बावीस येतोय. एनॉक्सापॅरिन दोन वेळा ठेवायचं?”

“बावीस? क्रिएटिनिन तर एक पॉइंट चार आहे.”

“वजन बेचाळीस भरलं, सर. आज काट्यावर घेतलं.”

सर क्षणभर गप्प. आजींकडे पाहिलं, चार्टकडे पाहिलं. “चाळीस, ओडी करा.” ओडी म्हणजे दिवसातून एकदा. मग जाता जाता, “आणि ते टेल्मिसार्टन दोनदा कुणी लिहिलंय?” हा दुसरा प्रश्न तिने विचारलाच नव्हता. दोन ओळींखाली पेन्सिलीने बारीक रेघ तेवढी ओढून ठेवली होती.

‘चूक’ हा शब्द ती वापरत नाही. ‘शंका’, ‘विचारायचं होतं’, ‘बघून घ्याल का’. मला आधी हा लोचटपणा वाटला. दुसऱ्या दिवशी मत बदललं. अधिकार नसलेल्या माणसाने रोज तीस वेळा अधिकार असलेल्याला थांबवायचं असेल, तर याहून चांगलं हत्यार मला तरी सुचत नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या राउंडमध्ये फार्मासिस्टला सामील करून घेतलं, त्याचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. औषध लिहिण्यातल्या चुकांमुळे होणाऱ्या, टाळता येण्याजोग्या इजा 66 टक्क्यांनी घटल्या. मला त्यातला दुसराच आकडा जास्त बोलका वाटतो: औषधयोजनेबद्दल फार्मासिस्टने केलेल्या 366 सूचनांपैकी 362 डॉक्टरांनी मान्य केल्या. म्हणजे डॉक्टरांना ऐकायचं असतं. सांगणारा माणूस त्या वेळी तिथे उभा हवा.

वॉर्डातला दुसरा माणूस कुणाशी फारसा बोलत नाही. तो ट्रॉली घेऊन येतो. डी. फार्म. झालेला, नोंदणीकृत फार्मासिस्टच. रुग्णालय त्याला ‘टेक्निशियन’ म्हणतं. ब्रिटनमध्ये फार्मसी टेक्निशियन हा 2011 पासून सक्तीच्या नोंदणीचा वेगळा पेशा आहे, आपल्याकडे तशी वेगळी नोंदणी नाही. ट्रॉलीत प्रत्येक खाटेचा एक खण आणि खणात चोवीस तासांची औषधं. बहुतेक रुग्णालयांत आजही सिस्टर चिठ्ठी देते आणि मुलगा किंवा जावई खालच्या मेडिकलमधून पिशवी भरून आणतो. इथे इंडेंट जातं आणि ट्रॉली येते. जुना खण काढताना तो आत काय उरलं ते बघतो. नऊ नंबरच्या खणात एक गोळी शिल्लक होती. “सिस्टर, रात्रीची राहिली का?” पेशंट एमआरआयला गेला होता, परत आला तोवर ड्यूटी बदलली होती.

त्याच्याकडच्या दोन वस्तू त्याने मला हातात देऊन दाखवल्या. पहिली इन्सुलिनच्या दोन सिरिंजा, एकीचं टोपण लाल, दुसरीचं केशरी. आपल्या देशात इन्सुलिनच्या कुप्या मुख्यतः मिलिलिटरला 40 युनिटच्या, तर पेनात घालायच्या काडतुसांत 100 युनिट. लाल सिरिंज 40 साठी, केशरी 100 साठी. शंभराचं इन्सुलिन कुणी लाल सिरिंजेत ओढलं, तर काट्यावर 20 दिसतात आणि अंगात 50 जातात. साखर कोसळून माणूस बेशुद्ध पडायला तेवढं पुरतं. म्हणून या वॉर्डाच्या कपाटात एकाच रंगाची टोपणं ठेवायची, ही त्याची सक्ती.

दुसरी वस्तू पोटॅशियम क्लोराइडची 10 मिलिलिटरची ॲम्प्यूल. दिसायला अगदी डिस्टिल्ड वॉटरसारखी. सलाइनमध्ये भरपूर पातळ करून तासन्‌तास हळूहळू दिलं तर औषध. तसंच शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. ती उघड्या ट्रेमध्ये कधीच राहत नाही. वेगळा खण, कुलूप, लाल स्टिकर. फेनिटॉइन सलाइनमध्येच मिसळायचं, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका बसतो. ॲम्फोटेरिसिनचं नेमकं उलट. असे तक्ते त्याने औषध तयार करण्याच्या टेबलावर, सिस्टरच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवले आहेत. फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहायचं, 2 ते 8 अंश. क्रॅश कार्टच्या सीलचा नंबर वहीशी ताडून बघायचा. कंटाळवाणं काम आहे, असं तो स्वतःच म्हणाला.

तिच्याजवळ एक रजिस्टर असतं. तारीख, खाट, काय आढळलं, काय सुचवलं, मान्य की अमान्य. रुग्णालयाला दर्जाचं मानांकन टिकवायचं असतं, तेव्हा तपासणीला येणारे हे रजिस्टर मागतात. आपल्याकडे हे पद काही ठिकाणी तरी निर्माण झालं, त्यात या मागणीचा मोठा वाटा आहे. रुग्णाच्या बिलात मात्र तिच्या कामाची ओळ नसते. न झालेल्या रक्तस्रावाचे पैसे कुणाकडून घ्यायचे? पगार बेताचा, पद एकच, खाटा शंभराच्या वर. तिच्या वर्गातले बरेच जण पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत बसून परदेशातल्या रुग्णांच्या साइड इफेक्टचे अहवाल तपासतात. त्यात पैसा बरा आहे आणि रात्री झोप लागते, असं ती हसत सांगते. भारताचाही असाच औषध-दक्षता कार्यक्रम 2010 पासून आहे, गाझियाबादहून चालतो. आजींसारख्यांच्या नोंदी तिथे पाठवायचं कामही तिचंच.

चौथ्या दिवशी आजी घरी निघाल्या. मुलगा आला होता. तिने कागदावर सूर्य आणि चंद्र काढले, सूर्याखाली तीन गोळ्या चिकटपट्टीने लावल्या, चंद्राखाली दोन. साताऱ्याची पट्टी राहिली, गावातली गेली, गुडघ्याच्या पुडीऐवजी दुसरी साधी गोळी आली.

“ही आता घ्यायची नाही, आजी. टाकून देऊ?”

“टाकू नगं. पैसे दिल्यात.”

तिने वाद घातला नाही. कापलेल्या पट्ट्या गोळा केल्या, रबर बँड लावला, वर लाल पेनाने मोठी फुली मारली आणि गठ्ठा मुलाच्या शर्टाच्या खिशात ठेवला. पिशवीत पुन्हा जाऊ द्यायचा नाही, असं त्याला दारापर्यंत जाऊन सांगितलं.