वेगाआधी स्थानकाचं विचारा

चेन्नई-बंगळुरू हायस्पीड रेल्वेचा विषय निघाला की पूर्व बंगळुरूतल्या महादेवपुऱ्यातल्या मराठी घरांत पहिला प्रश्न वेगाचाच असतो. बहुतेक गैरसमजही वेगाचेच आहेत.

"वंदे भारत आहेच, तीच जोरात पळवा," हा त्यातला सगळ्यांत पक्का. चेन्नई-म्हैसूर वंदे भारत ११ नोव्हेंबर २०२२ रोजी सुरू झाली. गाडी ताशी १६० किलोमीटर धावू शकते, पण तिचे रूळ मालगाड्यांचे आणि साध्या एक्स्प्रेसचेही आहेत आणि वळणं जुनीच आहेत. हायस्पीडच्या ताशी ३२० किलोमीटरला काही किलोमीटर त्रिज्येची वळणं लागतात, स्वतंत्र मार्ग लागतो आणि वाटेत एकही फाटक चालत नाही. म्हणून मुंबई-अहमदाबाद हायस्पीड मार्ग मुळापासून नवा बांधला जातोय. तिथल्या रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, तर आपल्या ब्रॉडगेजचं १६७६. हायस्पीड गाडी जुन्या रुळांवरून जुन्या स्थानकात शिरूच शकत नाही. स्थानकही नवं बांधावं लागतं, आणि ते कुठे, यावर सगळं ठरतं.

दुसरा गैरसमज सरळ भागाकाराचा: अंतराला ३२० ने भागलं की प्रवासाचा वेळ. मुंबई-अहमदाबादचं नियोजनच पाहा. मार्ग ५०८ किलोमीटर, स्थानकं १२. मोजके थांबे घेणाऱ्या गाडीला २ तास ७ मिनिटं, सगळीकडे थांबणारीला २ तास ५८ मिनिटं. म्हणजे दुसरीचा सरासरी वेग ताशी १७० च्या आसपास. प्रत्येक थांबा सगळ्या प्रवाशांची काही मिनिटं घेतो, त्यामुळे गावोगावी स्थानक मागणं परवडत नाही.

मग महादेवपुऱ्याने थांबा मागावा का? माझ्या मते ठामपणे मागावा. चेन्नईहून येणारी आजची लोहमार्गाची वाटच व्हाइटफील्ड आणि कृष्णराजपुरमवरून शहरात शिरते. गाडी इथे न थांबता मॅजेस्टिकच्या मुख्य स्थानकात गेली, तर माणूस स्वतःच्या घरावरून पुढे जाऊन उलटा परत येतो, आणि रस्त्याने आला तर रुळांवर वाचवलेला वेळ संध्याकाळच्या गर्दीत घालवतो. चेन्नईचं विमान तासाभराचं असूनही देवनहळ्ळीच्या विमानतळावर जाणं, तपासणी, वाट पाहणं यातच अर्धा दिवस जातो. रेल्वे विमानाला हरवते ती शहराच्या आत पोचल्यामुळे.

पण स्थानक मिळालं म्हणजे झालं, असंही नाही. २०२२ मध्ये बैयप्पनहळ्ळीला सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनल सुरू झालं ते मेट्रोशी थेट न जोडताच. सामान घेऊन उतरणाऱ्यांना त्याचा त्रास झाला. इथे तसं होऊ नये. जांभळ्या मार्गाची मेट्रो २०२३ पासून व्हाइटफील्डपर्यंत धावते. केंगेरी-व्हाइटफील्ड उपनगरी रेल्वेही आखलेली आहे. नवं स्थानक या दोन्हींना छताखालून जोडलेलं हवं.

"अर्थसंकल्पात आलं, म्हणजे आता आलीच," असंही ऐकू येतं. २०२६ च्या अर्थसंकल्पात चेन्नई-बंगळुरू, हैदराबाद-बंगळुरू आणि पुणे-हैदराबाद हे मार्ग आहेत खरे. पण मुंबई-अहमदाबादची पायाभरणी सप्टेंबर २०१७ मध्ये झाली होती, आणि महाराष्ट्रातल्या भूसंपादनातच तिची कित्येक वर्षं गेली. जागा ताब्यात येऊन खांब उभे राहिले की स्थानक हलवता येत नाही. महादेवपुऱ्याने बोलायचं ते मार्गाची आखणी कागदावर आहे तोवरच.